संत्र्याला दोष कशाला? ऋतुबदलाची ॲलर्जी आणि आपले घरगुती उपाय



पोळा झाला की आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटातल्या गप्पांचा विषय बदलतो. जून-जुलैमध्ये बोलणे पावसाचे आणि पेरणीचे असते, सप्टेंबर लागला की शिंकांचे. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्राकडे जाणारा रस्ता, दोन्ही कडेला कमरेइतके वाढलेले गाजरगवत, आणि आम्ही सात-आठ निवृत्त माणसे रुमाल नाकाशी धरून चाललेलो. प्रत्येकाजवळ एक उपाय असतो. कोणी मध सांगतो, कोणी हळद-दूध, कोणाच्या मुलाने पुण्याहून गोळ्यांचा डबा पाठवलेला असतो. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचे एकमत असते: "संत्री बंद करा, सर्दी वाढते."

सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात राहून संत्री बंद करायची, हे आम्हाला कधी पटले नाही. ज्या पिकावर आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली लग्ने झाली आणि मुले शिकली, त्यालाच घरात बंदी! पण नुसते न पटून भागत नाही. बँकेत चौतीस वर्षे काढल्यामुळे आम्हाला एक सवय आहे, की एखादी नोंद पटली नाही तर मागची पाने उलटून पाहायची. म्हणून गेली दोन वर्षे आम्ही उभयतांनी एक वही ठेवली. कोणत्या महिन्यात शिंका वाढल्या, काय खाल्ले, काय घेतले, किती खर्च झाला, उतार पडला का, हे त्यात लिहीत गेलो. जोडीला जे वाचता आले ते वाचले, डॉक्टरांना विचारले. आम्ही डॉक्टर नाही, वैद्यही नाही, साधे बी.कॉम. झालेले माणूस. तरी या वहीतून जे हाती लागले ते आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, कारण त्यातली एक नोंद आम्हाला फार महाग पडली आहे. ती पुढे येईलच.

सर्दी वेगळी, ॲलर्जी वेगळी

सर्दी विषाणूंमुळे होते. घसा दुखतो, कधी ताप येतो, आणि आठ-दहा दिवसांत ती निघून जाते. ऋतुबदलाची ॲलर्जी तशी नसते. ताप नसतो. शिंका एकामागून एक दहा-पंधरा येतात, नाकातून पाण्यासारखे वाहते, डोळे आणि टाळू खाजतात, आणि हे सगळे आठवडेच्या आठवडे चालते. दरवर्षी त्याच महिन्यात येते, ही तिची मोठी खूण.

हे फार जुने दुखणे असले तरी त्याचे कारण उशिरा कळले. १८१९ मध्ये जॉन बोस्टॉक नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी स्वतःच्याच त्रासाचे वर्णन लिहून ठेवले. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःच्या नाकावर आणि कातडीवर प्रयोग करून गवताच्या परागकणांमुळे हा त्रास होतो हे दाखवले; त्यांचे पुस्तक १८७३ चे. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिला.

आत घडते ते साधारण असे. शरीराला बाहेरच्या शत्रूपासून वाचवणारी एक पहारा-व्यवस्था असते. काहींच्या शरीरात ही व्यवस्था निरुपद्रवी परागकणालाच शत्रू समजते आणि त्याच्यासाठी 'आयजीई' नावाची प्रतिद्रव्ये तयार करून ठेवते. तोच पराग पुन्हा नाकात गेला की नाकाच्या अस्तरातल्या पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. खाज, शिंका, पाणी ही सगळी त्या हिस्टामिनची करामत. बँकेच्या दारावरच्या रखवालदाराने पासबुक भरायला आलेल्या खातेदाराला पाहून सायरन वाजवावा, तसा हा प्रकार. खातेदार निर्दोष आहे, पण गोंधळ खराच होतो.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा' हा सल्ला इथे नेमका बसत नाही. ॲलर्जीत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती नको तिथे जास्त जागी असते. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'इम्युनिटी' लिहिलेले पाहून आपण डबा उचलतो, तेव्हा हे आठवावे.

आपल्या भागाचे वेळापत्रक

वहीतल्या नोंदींवरून आपल्याकडचे वर्ष असे दिसते.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ सर्वांत वाईट. गाजरगवत फुलोऱ्यावर असते, धुऱ्यावरची गवते आणि काटेमाठ पराग सोडतात, पावसाने ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी असते. त्यातच सोयाबीनची मळणी सुरू होते आणि थ्रेशरच्या कुटाराची धूळ गावावर पसरते. मग दिवाळीची साफसफाई, माळ्यावरची जळमटे.

नोव्हेंबर ते जानेवारी कापसाची वेचणी चालते आणि घराघरांत कापूस साठतो. बारीक तंतू आणि धूळ नाकात जाते. थंडीमुळे दारे-खिडक्या बंद, आणि पेटीतून काढलेल्या गोधड्या व रजया न वाळवताच अंगावर. त्यांत धुळीतले सूक्ष्म किडे असतात, डोळ्यांना न दिसणारे. शेकोटीचा धूर वेगळाच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडांची पाळी येते. वावळासारखी झाडे पाने गाळून फुलतात आणि त्यांचे पराग वाऱ्यावर उडतात. पाठोपाठ गहू-हरभऱ्याची मळणी.

इथे वाऱ्यावर उडणारे पराग आणि मधमाशीच्या पायाला चिकटणारे पराग यांतला फरक ध्यानात ठेवावा. डोळ्यांत भरणारी, सुवासिक, रंगीत फुले बहुधा कीटकांसाठी असतात. त्यांचे पराग जड आणि चिकट असतात, ते फारसे उडत नाहीत. ज्या गवताच्या फुलाकडे आपण ढुंकूनही पाहत नाही तेच जास्त छळते. पळस फुलला म्हणून शिंका आल्या असे वाटते, पण पळसाच्या मागे उभा असलेला वावळ कोणी पाहत नाही.

संत्र्याचा खटला

आता संत्र्याकडे येऊ. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरात बाजारात येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. वरचे वेळापत्रक याच्याशेजारी ठेवून पाहा. शिंकांचे दोन्ही मोसम आणि संत्र्यांचे दोन्ही मोसम एकावर एक येतात. घरात टोपली आली आणि नातवाला शिंका आल्या, की दोष टोपलीचा ठरतो.

आम्ही मागच्या मोसमात एक महिना संत्री पूर्ण बंद ठेवून पाहिली. शिंका जशाच्या तशा. पुढच्या महिन्यात रोज दोन खाल्ली, तरी फरक नाही. एका घरातली वही म्हणजे शास्त्र नव्हे हे आम्हाला ठाऊक आहे. पण संत्र्याने परागाची ॲलर्जी वाढते असे मानायला कारण सापडले नाही. कोणाला संत्रे खाताक्षणी ओठ किंवा जीभ खाजत असेल, किंवा आंबट खाल्ल्यावर छातीत जळजळून खोकला येत असेल, तर त्यांची गोष्ट वेगळी; त्यांनी डॉक्टरांना विचारावे.

मग संत्र्याने ॲलर्जी बरी होते का? तेही नाही. संत्र्यात जीवनसत्त्व सी असते, शंभर ग्रॅम गरात साधारण ४५ ते ५० मिलीग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलीग्रॅम लागते. म्हणजे दोन संत्र्यांत दिवसाची गरज जवळपास भागते. आवळ्यात तर ते याहून कितीतरी पट. यासाठी वेगळी गोळी विकत घ्यायची गरज उरत नाही. हजार-हजार मिलीग्रॅमच्या गोळ्यांनी ऋतुबदलाच्या शिंका थांबतात याचा भक्कम पुरावा नाही. जास्तीचे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाते, आणि मूतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांना ते बाधू शकते. फळ फळ म्हणून खावे, औषध म्हणून नव्हे. संत्रा निर्दोष सुटला, एवढेच.

मधाची गोष्ट

"आपल्याच भागातला मध रोज चमचाभर घ्या, परागाची लस टोचल्यासारखे होते," असे फार जण सांगतात. कल्पना आकर्षक आहे. पण आपल्या बागांच्या कडेला ठेवलेल्या पेट्यांतल्या मधात मुख्यतः त्या फुलांचे पराग येतात ज्यांच्यावर माशी बसते, संत्र्याच्या फुलांसारख्या. आपल्याला छळणारी धुऱ्यावरची गवते वाऱ्यावर पराग सोडतात. तेव्हा लस लागते एकाची आणि मधात सापडते दुसऱ्याचे.

यावर प्रयोगही झाले आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट इथे ३६ जणांचे तीन गट केले. एकाला स्थानिक कच्चा मध, दुसऱ्याला बाजारातला गाळलेला मध, तिसऱ्याला मधाच्या चवीचा मक्याचा पाक. तिन्ही गटांत फरक दिसला नाही. उलट २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मलेशियातल्या एका छोट्या अभ्यासात नेहमीच्या गोळीबरोबर मध घेणाऱ्यांना फायदा झाला. पण त्यातली मात्रा होती वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज साठ ग्रॅम मध. आमच्या गटात निम्म्यांना मधुमेह आहे. हा उपाय त्यांना सांगणार कोण?

शिवाय बाजारातला मध खरा असेल याचीही खात्री नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेने १३ नावाजलेल्या छापांचा मध तपासून घेतला, तेव्हा सगळ्या चाचण्यांत फक्त तीनच उतरले.

मध वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. खवखवणाऱ्या घशाला आणि रात्रीच्या खोकल्याला चमचाभर मधाने बरे वाटते. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो बोटभरही चाटवू नये. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्यांना गंभीर विषबाधा होऊ शकते.

एक धोका मात्र ठळक सांगायला हवा. 'बी पोलन' म्हणून परागांच्याच गोळ्या विकायला येतात. ज्याला परागाची ॲलर्जी आहे त्याने पराग गिळायचे, हे विस्तवाशी खेळणे आहे. अशाने अंगावर गांधी उठून श्वास कोंडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आलेली आहेत.

हळद, कांदा, आले आणि काढा

हळदीत 'कर्क्युमिन' नावाचे द्रव्य असते आणि ते सूज कमी करते. बारमाही ॲलर्जीच्या २४१ रुग्णांवर दोन महिने केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कर्क्युमिन घेणाऱ्यांच्या शिंका आणि नाक चोंदणे कमी झाले. हे आशादायक आहे. पण तिथे शुद्ध कर्क्युमिन दिले होते आणि आपल्या डब्यातल्या हळदीत ते साधारण तीन टक्के. अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद दुधात घातली तर हिशेबाने पंचेचाळीस मिलीग्रॅम होते, आणि त्यातलेही शरीरात फार थोडे शोषले जाते.

मिरी घातली की शोषण वाढते हे खरे. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये ते दाखवून दिले. म्हणूनच हल्ली हळदीच्या गोळ्यांत मिरीचा अर्क असतो. पण शोषण वाढते तसा धोकाही वाढू शकतो. अशा गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याचे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. वरणातली आणि दुधातली हळद मात्र निर्धास्त घ्यावी.

कांद्यात 'क्वेर्सेटिन' असते. प्रयोगशाळेच्या नळीत ते हिस्टामिन सुटणे कमी करते. जेवणातल्या कांद्याने माणसाच्या शिंका थांबतात हे मात्र सिद्ध झालेले नाही. भाकरीबरोबर कांदा खाणे चांगलेच. त्यासाठी कारण शोधायला नको.

आले-तुळशीचा गरम काढा नाक मोकळे करतो, घशाला शेक देतो. आराम खरा आहे, आणि तो तास-दोन तास टिकतो. पण काढ्यात रोज ज्येष्ठमध घालणाऱ्यांनी सावध असावे. फार दिवस भरपूर घेतल्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते. आमच्या वयाच्या बहुतेकांना रक्तदाबाची गोळी चालूच असते.

सितोपलादी चूर्ण घरोघरी असते. त्याच्या मूळ पाठात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १ भाग आहे. बेरीज ३१. म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच. वर ते मधात कालवायचे. मधुमेहींनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

गुळवेलीचे दोन कागद

गुळवेलीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण एका बाजूचा पुरावा नागपूरचा आहे आणि दुसऱ्या बाजूचा मुंबईचा.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी नाकाच्या ॲलर्जीसाठी गुळवेलीच्या अर्काचा अभ्यास केला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ७५ रुग्ण, आठ आठवडे. काहींना अर्क, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय दिले हे रुग्णांना माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही नव्हते. अर्क घेणाऱ्यांच्या शिंका, नाक गळणे आणि खाज चांगलीच कमी झाली. आपल्या शेजारच्या शहरात इतक्या रीतसर केलेले हे काम आहे, याचा अभिमान वाटतो.

दुसरा कागद २०२१ चा. मुंबईतल्या डॉक्टरांनी करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे तपासलेले नाही; तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही असतात.

आमच्यासारख्याने यातून काय घ्यावे? वेलीत गुण आहे, म्हणूनच ती जपून घ्यायची वस्तू आहे. कुंपणावरची कोणतीही वेल तोडून रोज सकाळी पेलाभर रस महिनोन्‌महिने पिणे, हा नागपूरच्या अभ्यासातला उपचार नव्हे. घ्यायची तर वैद्यांच्या सल्ल्याने, ठरावीक दिवस. यकृताचा आजार किंवा संधिवातासारखी दुखणी असतील तर आधी विचारून.

ती नोंद

आता ती महाग पडलेली नोंद. आमच्या सौ.ना बरीच वर्षे नाकाची ॲलर्जी आहे आणि मागच्या काही वर्षांपासून दमाही. डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा पंप दिला होता. पहिल्या वर्षी वहीत आम्ही पूरक वस्तूंचा महिन्याचा खर्च मांडला: मध ४५०, हळदीच्या गोळ्या ६९०, गुळवेलीचा रस २४०, च्यवनप्राश ३५०, जीवनसत्त्वाच्या गोळ्या १२०. एकूण १,८५० रुपये. पंपाचा खर्च वेगळा. सप्टेंबर बरा गेला होता. आम्हीच म्हणालो, "इतके सगळे नैसर्गिक चालू आहे, तर पंप कशाला? सवय लागेल." त्यांच्या मनात नव्हते, पण आमच्या हिशेबापुढे त्या गप्प राहिल्या. पंप कपाटात गेला.

कोजागरीला गच्चीवर दूध आटवले. पलीकडच्या शेतात दिवसभर सोयाबीनची मळणी झाली होती, हवेत कुटार तरंगत होते. रात्री दोनच्या सुमारास त्या उठून बसल्या. छातीत शिट्टी वाजत होती, आणि "अहो, पाणी" एवढे दोन शब्दही एका श्वासात बाहेर पडेनात. शेजारच्या मुलाने गाडी काढली. दवाखान्यात ऑक्सिजन, नेब्युलायझर, इंजेक्शन. पहाटे पाचला श्वास जागेवर आला.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "काका, पंप कधीपासून बंद आहे?" आम्ही तारीख सांगितली, वहीत होतीच. ते रागावले नाहीत. म्हणाले, "हळद बंद करा असे मी म्हणत नाही. पंपाच्या जागी हळद नको, एवढेच." आणि पंपाची सवय लागत नाही, तो श्वासनळीची सूज रोजच्या रोज खाली ठेवतो, म्हणून बरे वाटत असतानाही घ्यायचा असतो, हेही समजावले. घरी येताना सौ. म्हणाल्या, "हिशेब तुमचा होता, श्वास माझा." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून पुढच्या खुणा सर्वांनी लक्षात ठेवाव्यात. छातीत शिट्टीसारखा आवाज, रात्री खोकल्याने किंवा धाप लागून जाग येणे, बोलताना वाक्य तुटणे, ओठ किंवा नखे निळसर होणे. यांतले काही दिसले तर काढा उकळत बसू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा.

खरोखर उपयोगी पडलेले

दुसऱ्या वर्षी वहीत ज्यांच्यापुढे 'उतार' अशी नोंद वारंवार झाली, ते उपाय स्वस्त निघाले.

पहिला, मिठाच्या पाण्याने नाक धुणे. आपली जलनेतीच ती. लोणावळ्याच्या कैवल्यधामने, जे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापले, योगातल्या अशा शुद्धिक्रियांचा अभ्यास आणि प्रसार केला. २०१८ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेनेही म्हटले, की मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने ॲलर्जीचा त्रास कमी होऊ शकतो; मात्र पुरावा अजून फार पक्का नाही. कृती सोपी आहे. अर्धा लिटर पाणी खळखळ उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात सपाट चमचाभर मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. वाकून, तोंडाने श्वास घेत, एका नाकपुडीतून घालून दुसरीतून सोडावे. पाणी उकळलेलेच हवे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाचे पाणी तसेच वापरल्याने दोघांच्या मेंदूत अमीबा शिरला आणि ते दगावले. नेतीचे भांडेही रोज धुऊन कोरडे करावे.

दुसरा, पराग आणि धूळ घरात न आणणे. फिरून किंवा शेतातून आल्यावर कपडे बदलणे, तोंड-डोळे धुणे, शक्य तर आंघोळ. मळणीच्या आणि साफसफाईच्या दिवसांत नाका-तोंडाला मास्क. केरसुणीऐवजी ओले फडके. गोधड्या-रजया थंडीआधी दोन-तीन दिवस कडक उन्हात, आणि पलंगपोस-उशांच्या खोळी आठवड्याला गरम पाण्यात.

तिसरा, औषध वेळेवर. नाकात मारायचा सूज कमी करणारा स्प्रे लगेच काम करत नाही, त्याला काही दिवस लागतात. म्हणून मोसमाआधी सुमारे दोन आठवडे सुरू करावा असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले. आम्ही आपल्या पंचांगात बसवले: राखीला सुरू, पोळ्याला पंधरा दिवस पूर्ण. याउलट नाक झटकन मोकळे करणारे थेंब पाच दिवसांच्या वर घालू नयेत, नाक उलट जास्त चोंदते. आणि ज्या गोळीने झोप येते ती घेऊन मोटारसायकल चालवू नये.

धुऱ्यावरचा उपाय

शेवटी गाजरगवत. हे आपल्याकडचे नव्हेच. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. एका झाडापासून हजारो बिया पडतात. परागाने शिंका येतात, अंगाला लागून कातडीवर चट्टेही उठतात. ते सूर्यफुलाच्या कुळातले असल्यामुळे काहींना शेवंती-झेंडूच्या हारांनीही खाज सुटते.

त्याचा अभ्यास करणारी मोठी संस्था आपल्याच राज्यात, जबलपूरला आहे: भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तण संशोधन संचालनालय. दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजरगवत जागृती सप्ताह होतो. गवत फुलोऱ्यावर येण्याआधी, ओल्या मातीतून मुळासकट, हातमोजे घालून उपटावे. ॲलर्जी किंवा दमा असणाऱ्यांनी या कामाला हात लावू नये. १९८४ मध्ये मेक्सिकोहून आणून सोडलेला, त्याची पाने खाणारा भुंगाही आता पुष्कळ ठिकाणी दिसतो. पिवळट पाठीवर काळ्या रेघा असतात. तो दिसला तर मारू नये.

आणखी एक मदतनीस आपल्या ताटातलाच आहे: तरोटा. पहिल्या पावसात आपण ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी खातो, तोच. तो दाट वाढला की गाजरगवताला डोके वर काढू देत नाही; म्हणून त्याचे बी पेरण्याची शिफारस केली जाते. शेंगा वाळल्या की बी गोळा करायचे आणि पावसाआधी रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत टाकायचे. ॲलर्जीवर 'नैसर्गिक अन्न' शोधत आम्ही दोन वर्षे डबे धुंडाळले. ते पोटात घेऊन नव्हे, तर धुऱ्यावर वाढू देऊन उपयोगी पडणारे निघाले.

यंदाच्या वहीत महिन्याचा खर्च असा आहे: पंप आणि स्प्रे डॉक्टरांनी लिहून दिलेले, मीठ-सोडा-मास्क मिळून शंभराच्या आत, आणि ते १,८५० रुपये वाचले त्यातून आवळे, भाजी आणि संत्री. हळदीचे दूध रात्री अजूनही होते, कारण ते आम्हाला आवडते. पंप आता कपाटात नाही, देवघराशेजारच्या फळीवर असतो, दोघांनाही दिसेल असा.

आमच्या गटाने या हिवाळ्यात तरोट्याचे बी गोळा करायचे ठरवले आहे. पुढच्या पावसाआधी फिरण्याच्या रस्त्यावर ते टाकू. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी साडेसहाला एक पिशवी घेऊन यावे. येताना दोन संत्रीही आणलीत तरी चालतील.